‘पाहा’ म्हटले की सापडले पाहिजे



१९३६ साली फेब्रुवारीच्या अखेरीस गांधी सेवा संघाचे अधिवेशन इथे सावलीत भरले आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालले. सावली तेव्हा चांदा जिल्ह्यातले खादीचे केंद्र म्हणून देशाला माहीत होती. त्या अधिवेशनात गांधीजी जे बोलले ते भारत सरकारच्या प्रकाशन विभागाने काढलेल्या इंग्रजी समग्र वाङ्मयाच्या ६२व्या खंडात छापलेले आहे. त्यामुळे पुढच्या अभ्यासकांनी सावलीचा दाखला देताना तळटीपेत ‘खंड ६२’ असे लिहिले. मग १९९९ साली समग्र वाङ्मयाची सीडी आली आणि पाठोपाठ सुधारित छापील आवृत्ती. या आवृत्तीत पुरवणी खंडांतला मजकूर तारखेप्रमाणे ज्याच्या त्याच्या जागी घातला गेला. वरवर पाहता काम चांगलेच. पण मधे मजकूर शिरल्यावर पुढचे सगळे खंड सरकले. त्या आवृत्तीचा ६२वा खंड उघडला की सावलीचे अधिवेशन सापडत नाही; दुसऱ्याच काळातली पत्रे आणि भाषणे सापडतात. सावलीचा एक शब्दही कोणी बदलला नव्हता. तिच्याकडे जाणारी वाट तेवढी मोडली.

मूळ प्रकल्प १९५६ साली सुरू झाला आणि १९९४ साली शंभरावा खंड निघाला. १९६० ते १९८५ अशी पंचवीस वर्षे के. स्वामिनाथन मुख्य संपादक होते. या माणसाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जागोजागी टिपा दिल्या : हे ज्या पत्राचे उत्तर आहे ते अमुक ठिकाणी पाहा, या भाषणाचा पुढचा भाग तमुक ठिकाणी पाहा. शेवटच्या खंडांत विषयांची सूची, व्यक्तींची सूची आणि सर्व प्रस्तावना एकत्र दिल्या. सुधारित आवृत्तीत प्रस्तावना गळल्या, काही मजकूरही गळला, आणि जगभरच्या ग्रंथांतले दाखले एका फटक्यात अधांतरी झाले. त्रिदीप सुहृद यांनी २००४ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त याची चिरफाड केली, इतर अभ्यासकांनीही आवाज उठवला, आणि २००५ साली सरकारने ती आवृत्ती मागे घेतली. २०१३ पासून साबरमती आश्रमाच्या ‘गांधी हेरिटेज पोर्टल’वर मूळ आवृत्तीची पाने घरबसल्या वाचता येतात. दाखले बिघडले म्हणून अभ्यासक भांडले आणि सरकारला एक संपूर्ण आवृत्ती मागे घ्यावी लागली, असे आपल्याकडे फार वेळा घडलेले नाही. मला त्या भांडणाचा अभिमान वाटतो.

हे सगळे सांगायचे कारण असे की मी ज्या कामात आयुष्य घालवले ते नेमके हेच काम आहे. फक्त माझी पुस्तके संगणकाच्या आज्ञावलींची आहेत. सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या पाठांमधले, म्हणजे ट्युटोरियलमधले दुवे तपासणे आणि तुटलेले जोडणे. हे काम कुणी कौतुकाने सांगत नाही. पण गडचिरोलीच्या किंवा सावलीच्या पोराला घरी बसून जगाच्या बरोबरीने शिकायचे असेल, तर त्याची गाडी बहुतेक वेळा याच ठिकाणी अडते.

आधी थोडे त्या सॉफ्टवेअरविषयी. मोठा प्रोग्राम एका फाइलचा नसतो. शेकडो, कधी हजारो फाइलींचा असतो. कोणती फाइल आधी, कोणती नंतर, एक बदलली तर कोणकोणत्या पुन्हा तयार करायच्या, याचा हिशेब ठेवणारे वेगळे सॉफ्टवेअर लागते. त्याला बिल्ड सिस्टिम म्हणतात. १९७६ साली बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ नावाचा असा प्रोग्राम लिहिला आणि तो अजून वापरात आहे. पुढे अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने वैद्यकीय चित्रांवर काम करणाऱ्या एका मोठ्या प्रकल्पाला पैसा दिला. ते सॉफ्टवेअर विंडोज, लिनक्स, मॅक अशा सगळीकडे तयार व्हायला हवे होते. त्या गरजेतून किटवेअर या कंपनीत ‘सीमेक’ जन्मला; पहिली आवृत्ती २००० सालची. २००६ मध्ये केडीई या लिनक्सवरच्या प्रचंड प्रकल्पाने सीमेक स्वीकारला आणि त्यानंतर सी प्लस प्लस या संगणकभाषेच्या जगात त्याला टाळून पुढे जाणे कठीण झाले. चंद्रपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजातला विद्यार्थी सी प्लस प्लसचे एखादे खुले सॉफ्टवेअर उतरवून घेतो, तेव्हा बऱ्याचदा सगळ्यात आधी त्याची गाठ सीमेकशीच पडते.

सीमेकबरोबर एक ट्युटोरियल येते. त्याच्या पूर्वीच्या मांडणीत पहिल्या पायरीत वर्गमूळ काढणारा छोटासा प्रोग्राम होता, दुसरीत त्याला जोडलेली गणिताची लायब्ररी, पुढे इन्स्टॉल करणे, चाचण्या, पॅकेज तयार करणे. पाठ जाणून आखडता ठेवलेला आहे. प्रत्येक आज्ञेचा सगळा तपशील तिथे दिला तर नवशिक्या बुडेल. म्हणून पाठात आज्ञेचे नाव येते, आणि त्या नावावर बोट ठेवले की तिची सगळी माहिती देणारे संदर्भपान उघडते. पाठ सुटसुटीत राहतो तो दुव्याच्या जिवावर. दुवा गेला की शिकणाऱ्याच्या हातात एक परके नाव राहते, आणि ते विचारायला त्याच्या गावात दुसरा माणूस नसतो. पुण्यात शेजारच्या खुर्चीवरच्या सहकाऱ्याला विचारता येते. इथे पानच शिक्षक आहे.

आता एक दुरुस्ती अगदी जवळून दाखवतो. ही पाने साध्या मजकुराच्या फाइलींत लिहिलेली असतात आणि ‘स्फिंक्स’ नावाचा प्रोग्राम त्यांची वेबपाने करतो. स्फिंक्स गेऑर्ग ब्रांड्ल यांनी पायथन भाषेच्या दस्तऐवजांसाठी लिहिला आणि २००८ साली खुला केला. सीमेकची पाने २०१४ च्या ३.० आवृत्तीपासून त्यात आली. समजा वाक्य असे आहे : लायब्ररी जोडण्यासाठी ‘टार्गेट-लिंक-लायब्ररीज’ ही आज्ञा वापरा. लिहिणाऱ्याने आज्ञेच्या नावाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन बॅकटिक, म्हणजे उलटी अवतरणचिन्हे, दिली, तर पानावर ते नाव टाइपरायटरच्या अक्षरात सुबक दिसते. पण ते दाबले तर काहीच होत नाही. तेच एकेका बॅकटिकमध्ये ठेवून त्याच्या आधी दोन अपूर्णविरामांच्या, म्हणजे कोलनच्या, मधे ‘कमांड’ हा शब्द लिहिला, की स्फिंक्सला कळते : हे आज्ञेचे नाव आहे, हिचे पान शोधून जोडून दे. आज्ञा, चल, टार्गेटचा (म्हणजे तयार करायच्या प्रोग्रामचा किंवा लायब्ररीचा) गुणधर्म अशा प्रत्येक जातीसाठी असा वेगळा शब्द आहे, आणि तो स्फिंक्सला समजावा म्हणून सीमेकच्या मंडळींनी स्फिंक्ससाठी खास जोड लिहिली आहे. दुरुस्ती म्हणजे मोजक्या अक्षरांचा बदल. दोन्ही पाने शेजारी ठेवली तर नावाचा रंग सोडून काही फरक दिसत नाही. पण एकात वाट आहे आणि दुसऱ्यात भिंत.

याहून अवघड प्रकार क्रमांकांचा. सीमेकच्या ट्युटोरियलमध्ये ‘जनरेटर एक्स्प्रेशन’ हा विषय पूर्वी दहाव्या पायरीवर होता. शिकवण्याच्या सोयीसाठी तो पुढे आणला आणि चौथ्या पायरीवर बसवला. निर्णय योग्यच होता; ती गोष्ट लवकर समजली तर पुढचे सगळे सोपे जाते. पण तो चौथा झाला म्हणजे जुना चौथा पाचवा झाला. ‘पाचव्या पायरीत पाहिल्याप्रमाणे’ असे ज्यांनी ज्यांनी कुठेही लिहून ठेवले होते, वर्गाच्या नोट्समध्ये, पुस्तकात, दुसऱ्या प्रकल्पाच्या सूचनांमध्ये, ते सगळे शिकणाऱ्याला भलत्याच दाराशी नेऊ लागले. सावलीच्या ६२व्या खंडाचे जे झाले ते इथेही झाले.

दोन्हीकडे उपाय एकच, आणि आज मला तोच सांगायचा आहे. एखादी गोष्ट दाखवायची तर ती रांगेत कितवी आहे यावरून दाखवू नये. तिच्या स्वतःच्या नावाने दाखवावी. स्फिंक्समध्ये प्रत्येक विभागाच्या डोक्यावर लेबल लावता येते. विभाग चौथा होवो की चौदावा, त्याचे शीर्षक बदलो की फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये जावो, लेबल तेच राहते आणि दुवे लेबलाकडे जातात. क्रमांक छापायचा तर तो यंत्राने पान तयार करताना घालावा, माणसाने हाताने लिहू नये. गांधीवाङ्मयातही ज्यांनी ‘गांधी सेवा संघाच्या सभेतले भाषण, सावली’ असे लिहून पुढे तारीख दिली, त्यांचा दाखला मूळ आवृत्तीत लागतो, सुधारितमध्ये लागतो आणि पोर्टलवरही लागतो. सावलीचा इतिहास लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे की खंड आणि पान द्याच, पण तारीख कधी गाळू नका.

यात कोणाला संगणकवाल्यांचा किरकोळ नेम वाटत असेल तर त्यांनी आपल्या जिल्ह्याकडे पाहावे. ‘चांदा’चे चंद्रपूर १९६४ साली झाले. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. म्हणजे वैनगंगेपलीकडच्या गावाचा जुना कागद चांद्याच्या नावाने, मधला चंद्रपूरच्या आणि नवा गडचिरोलीच्या. जुन्या निस्तारपत्रकात खसरा नंबर असतो, आजच्या सातबाऱ्यावर भूमापन क्रमांक असतो, आणि वनखात्याच्या नकाशावर तीच जागा कक्ष क्रमांकाने ओळखली जाते. जमीन एक, पत्ते तीन. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली ज्या ग्रामसभांनी सामूहिक दावे केले, त्यांना हे तिन्ही पत्ते एकमेकांना जोडून दाखवावे लागले. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्यामागे लोकांचा संघर्ष, अभ्यासगट, एकमताने निर्णय घेण्याची शिस्त हे सगळे आहे. ते मी कागदपत्रांच्या खाती टाकणार नाही. पण जुना नंबर आणि नवा नंबर यांचा मेळ घालून देणारा माणूस गावात असला तर दावा पुढे सरकतो आणि नसला तर अडकून पडतो, हे इथल्या कोणत्याही ग्रामसभेला विचारा. ‘जुना क्रमांक – नवा क्रमांक’ असा तक्ता ही संदर्भदुव्यांचीच दुरुस्ती आहे, आणि तिच्यावर जंगल अवलंबून असते.

संगणकात अशा तक्त्याला रिडायरेक्ट म्हणतात. पान हलवले तर जुन्या पत्त्यावर पाटी ठेवायची, म्हणजे तिथे येणारा आपोआप नव्या जागी पोचतो. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ सालीच एक टिपण लिहून बजावले होते की पत्ते बदलू नयेत, आणि ते बदलतात तेव्हा त्यामागे बहुधा पूर्वविचाराचा अभाव असतो, तांत्रिक अडचण नसते. कोणी ऐकले नाही. अमेरिकेच्या प्यू संशोधन केंद्राने २०२४ साली पाहणी केली तेव्हा २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनंतर सापडत नव्हती. विकिपीडियाच्या निम्म्याहून अधिक पानांवर संदर्भयादीत निदान एक मेलेला दुवा होता. ज्या ज्ञानावर आपण एवढा भरवसा टाकला आहे, त्याच्या तळटीपा अशा गळत चालल्या आहेत.

मेलेला दुवा निदान ओरडतो तरी. पान सापडत नाही म्हणून सांगतो. मला जास्त भीती जिवंत पण चुकीच्या दुव्याची वाटते. सीमेकची जुन्या आवृत्त्यांची पानेही नेटवर तशीच आहेत, आणि ती तशी असावीतच, कारण जुने सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना ती लागतात. पण दुवा जुन्या आवृत्तीच्या पानाकडे गेला तर पान उघडते, देखणे दिसते, आज्ञाही चालते. मी एका कंपनीत असताना आपल्याच भागातून आलेली एक मुलगी नव्याने रुजू झाली. तिला दिलेल्या अंतर्गत पाठातला दुवा असाच जुन्या पानावर जात होता. त्या पानाप्रमाणे तिने ‘इन्क्लूड-डिरेक्टरीज’ ही आज्ञा वरच्याच फोल्डरमध्ये लिहिली. ही आज्ञा त्या फोल्डरमधल्या आणि त्याखालच्या सगळ्या टार्गेटांना लागू होते. पाठाचा उरलेला भाग नव्या पद्धतीचा, जिथे प्रत्येक टार्गेटला त्याच्यापुरतेच काय ते सांगायचे असते. दोन्हींची भेसळ झाली, एकाच नावाच्या दोन हेडर फाइलींपैकी भलतीच उचलली गेली आणि बिल्ड मोडले. वरिष्ठ तिला म्हणाले, नीट वाचत जा. तिने नीटच वाचले होते. तिला चुकीचे पान दाखवणाऱ्या दुव्याला मात्र कोणी काही बोलले नाही. आपली पोरे शहरात जाऊन स्वतःलाच कमी समजू लागतात, त्यात अशा प्रसंगांचा वाटा मोठा आहे असे माझे मत आहे.

यंत्राची मदत कुठवर होते तेही सांगितले पाहिजे. स्फिंक्सला काटेकोर पद्धतीने चालवले तर ज्या ज्या नावाचे पान सापडले नाही त्याची तो वॉर्निंग देतो. आणखी एक पर्याय दिला तर वॉर्निंगलाच एरर मानतो आणि पाने तयार करायला नकार देतो. बाहेरच्या संकेतस्थळांचे दुवे एकेक उघडून पाहण्याची सोयही त्यात आहे. सॉफ्टवेअरमध्ये चूक असली की बिल्ड मोडते, तसे दस्तऐवजात दुवा तुटला तरी बिल्ड मोडले पाहिजे. हा नियम प्रत्येक संस्थेने लावावा आणि त्याला अपवाद करू नये. पण यंत्र एवढेच सांगते की दाराला घर आहे. घर बरोबर माणसाचे आहे की नाही ते वाचणाऱ्यालाच पाहावे लागते. ‘यासंबंधी अधिक माहिती इथे’ असे वाक्य असेल तर ‘यासंबंधी’ म्हणजे कशासंबंधी, वाचणारा तिथे कोणता प्रश्न घेऊन जाईल, आणि त्या पानावर त्याचे उत्तर आहे का, हे विचारत पाठ पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणे, याला पर्याय नाही.

ही शिस्त मराठीला परकी नाही. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले. त्याचा पहिला खंड १९७६ चा आणि विसावा २०१५ चा. नोंदीच्या मजकुरात दुसऱ्या नोंदीकडे बोट दाखवणारे बाण आहेत. सत्तरच्या दशकात ‘अ’पासूनच्या नोंदी लिहिताना संपादक ‘स’ किंवा ‘ह’पासून सुरू होणाऱ्या, अजून न लिहिलेल्या नोंदीकडे बाण दाखवत होते. ती नोंद छापून यायला पुढे दशके लागायची होती, आणि ती त्याच नावाने यावी म्हणून नोंदींची यादी आधी पक्की करावी लागत होती. तेव्हा ना यंत्र, ना लेबल, तरी कार्डांवर आणि याद्यांवर हा हिशेब राखणाऱ्या सहायकांना मी माझ्या व्यवसायाचे पूर्वज मानतो. ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते ते आपले ग्रंथपालही त्याच कुळातले. पुस्तकात दुसऱ्या पुस्तकाचा दाखला आला की ते पेन्सिलीने समासात आपल्या वाचनालयातला कपाट क्रमांक लिहीत, आणि पुस्तके हलवली की तो खोडून नवा लिहीत. ते दुसरे काम फार थोडे लोक करतात.

आता मराठीत सॉफ्टवेअरचे पाठ आणण्याविषयी. ते यायलाच हवेत; गोंडवाना विद्यापीठाच्या कॉलेजांतली मुले इंग्रजीशी झुंजत शिकतात आणि त्यांची निम्मी ताकद तिथेच संपते. पण भाषांतर करताना दुवे सर्वांत जास्त तुटतात. कारण साधे आहे. लेबल न लावता शीर्षकावरूनच जर पत्ता तयार होत असेल, तर शीर्षक मराठीत आले की पत्ता बदलतो आणि त्याकडे येणारे सगळे दुवे मरतात. म्हणून भाषांतर करणाऱ्यांनी एवढे पाळावे : वाचकाला दिसणारे शब्द खुशाल मराठीत करा, त्यांच्यापुढे कोनी कंसात येणारे लेबल आहे तसेच ठेवा. मूळ वाक्यात तीन दुवे असतील तर मराठी वाक्यातही तीनच हवेत. स्फिंक्स ही संख्या जुळवून पाहतो आणि कमी-जास्त असेल तर वॉर्निंग देतो. त्या वॉर्निंगकडे दुर्लक्ष करून काढलेले मराठी पान म्हणजे मराठी मुलांना दिलेले अर्धे पान. भाषेवर प्रेम असेल तर ही कारकुनी करावी लागेल, आणि मी ‘कारकुनी’ हा शब्द आदराने वापरतो आहे.

समोर बरेच विद्यार्थी बसले आहेत. तुम्हाला वाटत असेल की जगभर वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आपण काय हात घालणार. सीमेकचा सगळा मजकूर खुला आहे. पाने ज्या फाइलींतून बनतात त्याही. दुरुस्ती कोणीही मर्ज रिक्वेस्ट, म्हणजे बदल सामावून घेण्याची विनंती, म्हणून पाठवू शकतो, आणि सांभाळणारे लोक ती तपासून घेतात. या कामाला तुमच्यासारखा माणूस दुसरा नाही, कारण तुटलेला दुवा तज्ज्ञाला दिसतच नाही. त्याला ते पान पाठ असते, तो दुवा दाबतच नाही. दाबतो तो नवशिक्या. तेव्हा पहिल्यांदा शिकत असाल तेव्हाच वही घेऊन बसा. प्रत्येक दुवा उघडा. कुठून निघालो, कुठे पोचलो, कुठे पोचायला हवे होते, एवढे लिहा. फाइल शोधा, दुरुस्ती करा, पाने आपल्या संगणकावर तयार करून पाहा, आणि एका वेळी एकाच प्रकारची दुरुस्ती पाठवा, म्हणजे तपासणाऱ्याला ती पटकन कळते. काय मोडले होते ते संदेशात दोन ओळींत सांगा. पहिल्या वेळी परत आली तर सांगितलेला बदल करून पुन्हा पाठवा. इंग्रजी मोडकेतोडके असले तरी चालते. दुवा बरोबर असला पाहिजे. वाचनालयातला संगणक रिकामा असतो, आणि सुरुवात याच आठवड्यात करता येईल.